निगेटिव्ह ज्याची त्याला

मिलिंद,

तू गेलास त्या दिवशी दुपारपर्यंत दारव्ह्यातल्या निम्म्या मोबाइलवर तुझा फोटो पोचला होता, आणि त्या फोटोत तुझ्या चेहऱ्यावरून तिरपं माझ्या दुकानाचं नाव गेलेलं होतं. डाव्या कानापासून उजव्या खांद्यापर्यंत, पांढुरक्या अक्षरांत: दिनकर कॉम्प्युटर्स, दारव्हा. त्याखाली कुणीतरी जोडलेले हात आणि फुलं चिकटवली होती.

मी तेव्हा तुझ्याच अंगणात खुर्च्या उतरवून घेत होतो. खिशातला फोन वाजला म्हणून पाहिलं. आधी वाटलं, कुणी चेष्टा केली. मग कळलं की फोटो सुनंदावहिनींनीच पाठवला होता. त्यांनी माझ्या हातातला फोन पाहिला आणि त्या अवस्थेत त्याच मला समजावू लागल्या.

“काय करू भाऊजी? जगाचे फोटो काढले यायनं, सोताचा एक धड फोटो नाई घरात. तुमच्या त्या इंटरनेटवरच्या अल्बममधी हा दिसला. उतरवून घ्याले गेली तं उतरतच नाई. मंग पोरीच्या मोबाइलवर लावला अन् माह्या मोबाइलनं त्याचाच फोटो काढला. तुमचं नाव आलं त्याच्यावर. चालते ना?”

चालते ना, असं त्यांनी मला विचारलं, मिलिंद. तुझ्या बायकोला तुझा चेहरा घरी न्यायला माझी परवानगी लागत होती.

त्याला आज एकवीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे बोलले. शाळेचे मुख्याध्यापक बोलले, दोन गावांचे सरपंच बोलले, जन्मभर तुझ्या नावानं बोटं मोडणारा समोरच्या स्टुडिओचा मालकही बोलला आणि रडला. मी उठलो नाही. लोकांना वाटलं, दुःखानं तोंड उघडत नसेल. खरं कारण वेगळं होतं. तुझं कौतुक करण्याआधी मला एक कबुली द्यायची होती, आणि ती आधी तुला द्यायला हवी होती. इंदिराताईंच्या नवऱ्याचा फोटो तू हरवला नाहीस. मी हरवला. कसा हरवला ते मी तुलाही कधी सांगितलं नाही.

आपल्या दोन दुकानांत एकच भिंत होती. अलीकडे तुझा स्टुडिओ, पलीकडे माझं कॉम्प्युटरचं दुकान. मी खिळा ठोकला तर तुझ्याकडच्या फ्रेममधला एखादा नवरदेव वाकडा व्हायचा. मग तू भिंतीवर थाप मारून ओरडायचास, “दिनू लेका, नवरी सोडून गेली तं तू जबाबदार!”

माझं दुकान नंतरचं. तुझा स्टुडिओ रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातला. त्या काळी गावोगावच्या स्टुडिओंचा एक नियम होता, आणि तो कुठं लिहिलेला नसला तरी सगळे पाळत: गिऱ्हाइकाला फोटो द्यायचा, निगेटिव्ह द्यायची नाही. निगेटिव्ह आपल्या खोक्यात. पुन्हा फोटो हवा असेल तर गिऱ्हाइकानं पुन्हा आपल्याच पायरीवर यायला हवं. समोरच्या स्टुडिओत बुटांच्या खोक्यांची भिंत होती नुसती. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्या खोक्यांत कोंडलेली होती.

तू मात्र पहिल्या दिवसापासून फोटोबरोबर निगेटिव्ह द्यायचास. बटरपेपरची पट्टी, वर खाकी पाकीट, पाकिटावर तुझ्या गोल अक्षरात एक मजकूर: ‘ही निगेटिव्ह तुमची आहे. जपून ठेवा. कोणत्याही स्टुडिओत दाखवून फोटो काढून घेता येईल.’ पाकीट देताना दोन्ही हातांनी द्यायचास. पासपोर्टच्या चार फोटोंसाठी आलेल्या मजुरालाही दोन्ही हातांनी.

समोरचा मालक तुला भर चौकात म्हणाला होता, “धंदा करून राह्यला का दानधर्म? कोणत्याही स्टुडिओत म्हणे! आमच्याकडं येतीन ते, तुह्याकडं कायले येतीन?”

“तुमच्याकडं आले तं चांगले धुवून द्या साहेब,” तू म्हणालास. “माणसाचा चेहरा मी कायले ठेवून घेऊ? मले माहाच सांभाळाले होत नाई.”

आणि लोक तुझ्याकडेच यायचे. निगेटिव्ह घेऊन, चार-पाच गावं ओलांडून, परत तुझ्याचकडे. मी हे वर्षानुवर्षं माझ्या खुर्चीतून पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं आणि तरी शिकलो नाही. माझं कसं व्हावं, सांग.

कॅमेऱ्यातून रोल गेला तेव्हा निम्मे स्टुडिओवाले घाबरले. तू घाबरला नाहीस. शब्दकोश मांडीवर घेऊन तू वेबसाइटच्या इंग्रजी अटी वाचायचास. माझ्या दुकानात कुणी नव्या वेबसाइटचं कौतुक सांगितलं, फुकट जागा मिळते, कितीही फोटो ठेवा, की तू एकच प्रश्न विचारायचास: “बाहेर कसं निघते?” आत कसं टाकायचं हे शिकण्याआधी तू बाहेर काढायचं बटण शोधायचास. एक फोटो आत टाकायचा, लगेच परत उतरवून घ्यायचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहायचे. तारीख आली का? नाव आलं का? लहान तर करून नाही दिला?

एकदा अशाच एका साइटवरून तुझे सगळे फोटो उतरवून घेतलेस. फोटो आले, पण प्रत्येकाखाली लिहिलेली माणसांची नावं आणि गावं गायब. नुसते आकडे. तू कपाळाला हात लावून बसलास.

“पाह्य दिनू. जिनिंगवाल्यानं आपल्याले रुई देली अन् सरकी ठेवून घेतली. आता पेरशीन काय?”

आणि मग तू त्या आठशे फोटोंना हातानं नावं दिलीस. दीड महिना लागला. ज्याचं नाव आठवेना त्याच्या गावी जाऊन विचारून आलास.

रविवारी माझ्या दुकानात शिकायला येणाऱ्या मुलींना मी टायपिंग शिकवायचो, आणि तू शेवटची वीस मिनिटं मागून घ्यायचास. आपली पत्रं, आपले फोन नंबर, आपले फोटो त्या त्या साइटवरून घरी कसे उतरवून घ्यायचे, दोन ठिकाणी कसे ठेवायचे, एवढंच शिकवायचास. “अन् उतरवलं की उघडून पाहाचं,” तू सांगायचास. “गाठोडं बांधलं म्हणते, पण आत कपडे हायत का चिंध्या, हे पाह्यल्याबिगर गावाले जाता का तुमी?” मुली हसायच्या. त्यांतली एक आता पुण्याला आहे. कार्यक्रमाला येऊ शकली नाही, पण तिचा फोन आला. म्हणाली, “काका, आईचे व्हॉइस मेसेज मी तेव्हा उतरवून ठेवले. मिलिंदसरांमुळं आज तिचा आवाज माझ्याकडं आहे.”

आता माझ्या अल्बमचं.

कल्पना माझी होती. तू फोटो काढायचे, मी ते माझ्या वेबसाइटवर चढवायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाला नंबराची चिठ्ठी द्यायची. नंबर टाकला की आपल्या लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो दिसणार, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनाही दिसणार. पण दिसणार तेवढेच. उतरवून घेता येणार नाहीत, आणि प्रत्येकावर माझ्या दुकानाचं नाव तिरपं छापलेलं असणार. स्वच्छ प्रत हवी तर दुकानात या.

तू पहिल्याच दिवशी विचारलंस, “बाहेर कसं निघते?”

“नाई निघत. तेच तं आहे त्याच्यात.”

“मंग सीडी देत जाऊ संगं.”

“सीडी कोण ठेवते बे आता? ओरखडे पडतात, पोरं खेळतात तिच्याशी. इंटरनेटवर कायमचं राहते.”

तू दोन महिने ऐकलं नाहीस. सीडी देत राहिलास. मग मी मैत्रीचं शस्त्र काढलं. म्हणालो, माझ्यावर भरवसा नाही तर भागीदारी कशाला? त्यावर तू सीडी देणं थांबवलंस. तुझ्या कॉम्प्युटरमधली जागा भरत आली तेव्हा जुने फोटो पुसायलाही मीच लावलं. वीस वर्षांत पहिल्यांदा लोक तुझ्या दुकानातून हातात निगेटिव्ह न घेता गेले. चिठ्ठी घेऊन गेले. ते तू माझ्यासाठी केलंस. तुझ्या आयुष्यातली ती एकच चूक मला माहीत आहे, आणि ती माझ्यावर विश्वास ठेवण्याची होती.

भांडण मात्र तू सोडलं नाहीस. एकदा बोंडअळीच्या वर्षात माझ्या वावरातला कापूस मी उपटून टाकला, आणि दुकानात येऊन बियाण्याच्या पाकिटांना शिव्या देत बसलो. बाबा चांगल्या झाडांची बोंडं वेगळी काढून सरकी घरी ठेवायचे, आता दर साली दुकानाच्या दारात उभं राहावं लागतं, ठेवलं तरी उगवून धड पीक येत नाही, वगैरे. तू लेन्स पुसत ऐकत होतास. म्हणालास, “पाकीटवाल्याले शिव्या देतं, अन् तूच लोकाइले पाकीट विकून राह्यला. त्याइचे फोटो त्याइच्या घरी उगवू देत नाईस.”

ते मला इतकं लागलं की मी बोलून गेलो, “तुले काय माहीत शेतीतलं? तुमच्याकडं होती कुठं शेती?”

मिलिंद, हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहून पाहतो आहे. ‘तुझ्याकडं’ म्हणालो असतो तर एक वेळ गरिबीवर गेलं असतं. मी ‘तुमच्याकडं’ म्हणालो. त्याचा अर्थ तुला कळला आणि मलाही. आपण पहिलीपासून एका बाकावर बसलेलो होतो.

तुझा हात थांबला. मग परत लेन्स पुसायला लागलास. “नव्हती ना,” तू शांतपणे म्हणालास. “माह्या बापानं जन्मभर दुसऱ्याचा कापूस वेचला. म्हून मले समजते, वेचते कोण अन् घरी कोनाच्या जाते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तू भिंतीवर थाप मारलीस, “चहा आला बे,” आणि सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. मी माफी मागितली नाही. तू इतक्या सहजपणे चहा पाजलास की मला वाटलं, गरज नाही. गरज होती. तू मला ती सवलत दिलीस आणि मी ती घेतली, हे काही बरोबर नाही.

आणि आता ते, जे तुला माहीत नाही.

ज्या वर्षी कापसावरच्या विषारी फवारणीनं माणसं मेली त्याच वर्षीची गोष्ट. माझ्या दुकानासमोर सकाळपासून रांग असायची. कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन झाले होते, नवरा-बायको दोघांचे अंगठे लागायचे. कापूस वेचून बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेईना. एकेका बाईला दहा-दहा वेळा बोट टेकवावं लागायचं. त्या गर्दीत मला एक मेल आलं. माझी वेबसाइट ज्या कंपनीच्या जागेवर होती, ती कंपनी आपलं काम बंद करत होती. तीस दिवसांत आपला सगळा डेटा उतरवून घ्या, त्यानंतर तो कायमचा पुसला जाईल, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

मी ते वाचलं, मिलिंद. ‘कंपनीनं न सांगता बंद केलं,’ असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी वाचलं, त्यातलं डेटा मागवायचं बटणही दाबलं. तीन दिवसांनी दुसरं मेल आलं: तुमचं सगळं बांधून तयार आहे, सात दिवसांच्या आत या दुव्यावरून उतरवून घ्या. मी म्हटलं, रांग ओसरली की बसू. फाइल मोठी आहे, इथलं नेट मुंगीच्या पायांचं, सुटीच्या दिवशी लावू. सात दिवस गेले. मग तीस गेले. त्या परक्या कंपनीनं मला दार दाखवलं, दार उघडून धरलं, वर आठवणही करून दिली. मी माझ्या माणसांसाठी तेवढंही केलं नव्हतं.

इंदिराताई आल्या त्या नवऱ्याच्या तेरवीनंतर. मारोतीराव दुसऱ्यांच्या वावरात फवारणीला जायचे. तोंडाला दुपट्टा, पाठीवर पंप. एका संध्याकाळी डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून दवाखान्यात नेलं ते परत आलेच नाहीत. त्याच साली शाळेत त्यांच्या काजलला धावण्याचं बक्षीस मिळालं होतं, आणि तू लेक-बापाचा फोटो काढला होतास. मारोतीराव लाजून मागं मागं सरकत होते, तू त्यांची कॉलर सरळ केलीस आणि म्हणालास, “धावली ते, अन् दम तुमाले लागला का?” ते हसले, आणि तू तेवढ्यात बटण दाबलंस. मी तिथं होतो. मोठ्या वयातला त्यांचा तेवढा एकच फोटो.

इंदिराताईंनी नंबराची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून आणली होती. आपण नंबर टाकला. पान उघडलं नाही. मी म्हणालो, सर्व्हर बंद असेल, उद्या या. त्या उद्या आल्या. परवा आल्या. जाऊन-येऊन बारा किलोमीटर. तोवर कंपनी बंद झाल्याचं मी तुला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा तू मला हातानंच थांबवलंस आणि खुर्चीतून उठून त्यांच्यासमोर उभा राहिलास.

“बाई, तो फोटो माह्या हातून गेला. आता येत नाई. माफी द्या.”

त्यांनी तुझ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी स्क्रीनकडं पाहत राहिलो. रिकाम्या स्क्रीनकडं.

त्यानंतरचं तुला ठाऊकच आहे. गावभर झालं: मिलिंदनं लोकांचे फोटो हरवले. दुसऱ्याही घरांची लग्नं, बारशी गेली होती. लोक येऊन तुला बोलून गेले. तू प्रत्येकाला तेच सांगितलंस: माझ्या हातून गेलं. मी एकदा भीत भीत म्हणालो, “कंपनीचं नाव सांग ना.” तू म्हणालास, “कंपनीले कोण ओळखते? चिठ्ठी मी देली होती.” तुला ते मेल आल्याचं कधी कळलं होतं का? माझा पासवर्ड तुला माहीत होता. मी पुष्कळदा तुझ्या चेहऱ्यावर ते शोधलं. तू काही दिसू दिलं नाहीस. कळून गप्प राहिला असशील तर तू माझ्या समजुतीपेक्षा मोठा होतास. कळलंच नसेल तर मी माझ्या समजुतीपेक्षा लहान.

इंदिराताईंच्या लग्नातली निगेटिव्ह त्यांच्याकडं होती, अर्थात तूच दिलेली. त्यातून मारोतीरावांचा चेहरा वेगळा काढून तू मोठा फोटो करून दिलास. चांगला झाला. पण तो बाविशीतल्या पोराचा. बारीक मिशी, मुंडावळ्यांची सावली कपाळावर. फोटो भिंतीवर लावताना आपण दोघं तिथं होतो. काजल बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आई, बाबा असे नव्हते.” आपण गाडीवर परत निघालो. दारव्ह्याच्या पुलावर आलो तेव्हा म्हणालास, “दिनू, परत अल्बम केलास तं आधी बाहेरचं दार कर.”

मी परत अल्बम केला. बाहेरचं दार केलं नाही. पुन्हा तेच, फोटो दिसणार, निघणार नाहीत, वर माझं नाव. तू मात्र या वेळी प्रत्येकाला पेन ड्राइव्हवर नाहीतर मोबाइलवर फोटो देत गेलास, आणि मला सांगूनही देत गेलास. शाळांचे, सभांचे जे फोटो कुणा एकाचे नव्हते तेवढे फक्त माझ्याकडं अडकले. जायच्या आठ दिवस आधी तू भिंतीवर थाप मारून विचारलं होतंस, “दिनू, त्या बटणाचं काय झालं?”

“करू ना बे. सीझन जाऊ दे.”

हे आपलं शेवटचं बोलणं नव्हतं, पण शेवटचं भांडण हेच. ते अर्धवट राहिलं आणि त्यात तू बरोबर होतास.

वहिनींना सापडलेला तो फोटोही अशाच एका शाळेच्या कार्यक्रमातला. तू कॅमेरा ट्रायपॉडच्या तिकाटण्यावर लावून एका म्हाताऱ्या गुरुजींची टोपी सरळ करायला गेला होतास, आणि मी सहज म्हणून बटण दाबलं होतं. तू वाकलेला आहेस, दोन्ही हात टोपीला, आणि गुरुजींच्या कशावर तरी खळखळून हसतो आहेस. तुझा तेवढा एकच हसरा फोटो, आणि तो मी माझ्या नावानं डांबून ठेवला होता.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी कामाला बसलो. फोटोंवरचं माझं नाव काढलं. प्रत्येक अल्बमला एक बटण केलं. सगळे फोटो एकदम, मूळ आकारात, तारखांसह, नावांसह. सरकीसकट. बटणाच्या वर काय लिहावं हे सुचेना, मग तुझ्या पाकिटावरचंच लिहिलं: ‘हे फोटो तुमचे आहेत. जपून ठेवा. कोणत्याही स्टुडिओत दाखवून प्रत काढून घेता येईल.’ पहिलं बटण वहिनींनी दाबलं. उतरवून झाल्यावर त्यांनी फोटो उघडून पाहिला. तुझ्याच घरातली बाई, तपासल्याशिवाय कशी राहील? मग म्हणाल्या, “भाऊजी, हसले हायत ना?” पुण्यानुमोदनाला बुद्धमूर्तीशेजारी ठेवलेला फोटो तो. त्याच्यावर कुणाचंही नाव नव्हतं.

मग उरलं एकच काम. काल सकाळी इंदिराताईंच्या गावी गेलो.

वेचणी चालू आहे. त्या निघायच्या तयारीत होत्या, कमरेला वेचणीची ओटी बांधत होत्या. “लवकर बोला दिनकरभाऊ, बाया खोळंबल्या,” म्हणाल्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मेल आलं होतं, दुसरंही आलं होतं, मी उतरवून घेतलं नाही, मिलिंदनं उगाच अंगावर घेतलं, आणि मी गप्प बसलो. काजल दारात उभी राहून ऐकत होती. आता बारावीला आहे ती.

इंदिराताईंनी ओटीची गाठ नीट बसवली. म्हणाल्या, “हे सांगाले इतके वर्सं लागले?”

“लागले,” मी म्हणालो.

“मले तवाच समजलं होतं. ज्या माणसानं लग्नातली निगेटिव्ह सोताच्या हातानं माह्या हातात देली, तो कोनाचा फोटो आपल्यापाशी ठेवन का? ठेवतच नाई तं हरवन कसा? तुमी त्या दिशी मान वर नाई केली. मी म्हटलं, घ्या, हा हाय.”

“मंग बोलल्या काहून नाई?”

“मिलिंदभाऊनं हात जोडले होते. त्याइले खोटं पाडू?”

मला बसावंसं वाटलं, पण कुणी बस म्हणालं नाही, आणि ते योग्यच होतं. मग मी म्हणालो, “ताई, ती निगेटिव्ह एकदा मला द्या. आता चांगली यंत्रं आहेत. यवतमाळहून करून आणतो, पहिल्यापेक्षा साफ फोटो होईल.”

त्या आत गेल्या. डब्यातून खाकी पाकीट आणलं. कडा झिजलेल्या, पण तुझं अक्षर अजून वाचता येत होतं. इंदिराताईंना वाचता येत नाही, तरी त्यांनी त्या मजकुरावर बोट ठेवलं.

“मिलिंदभाऊनं तवा वाचून दाखोलं होतं. कोठीही दाखवा म्हणे. ‘दाखवा’ म्हणे, ‘देऊन या’ नाई म्हणे.” मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, “पाह्याचं तं पाहा. घराबाहेर जानार नाई.”

तू असतास तर केवढ्यानं हसला असतास! बाहेर बाया हाका मारत होत्या. काजल म्हणाली, “काका, माझ्याजवळ मोबाइल आहे. तुम्ही पट्टी उजेडात धरा, मी इथंच घेते. आमच्याकडंच राहील.”

मी पट्टी दारातल्या उन्हात धरली. मारोतीरावांचा चेहरा काळा, केस पांढरे. निगेटिव्हमध्ये तो पोरगा म्हातारा दिसत होता. काजलनं तीनदा फोटो घेतला, प्रत्येक वेळी उघडून पाहिला, आणि काळ्याचं पांढरं करून आईला दाखवला. दोघी एकाच स्क्रीनवर वाकल्या. मी कुठं पाहावं ते कळेना म्हणून पाकिटावरचं तुझं अक्षर वाचत राहिलो.

मग पट्टी बटरपेपरात गुंडाळली, पाकिटात सरकवली, आणि मिलिंद, इंदिराताईंना ती परत दिली. दोन्ही हातांनी.

तुझा,
दिनू